ओवाळणीतला डबा

अंबड
१८ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली पोस्टमन दारात थांबला की लोकांना आधी वाईटच सुचतं, म्हणून हे आधी. पत्र लिहितोय त्याला कारण तूच आहेस. फोनवर माझं एक वाक्य पुरं होत नाही तोवर तू "बरं बरं, ठेवते" म्हणतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

भाऊबीजेला ओवाळणी म्हणून मी तुला जे यंत्र बसवून दिलं, त्याला तू डबा म्हणतेस. म्हण. पण परवा मी विहिरीवर चक्कर मारली तेव्हा झाकणावर हळद-कुंकू, वर झेंडूची माळ आणि बाजूच्या फटीत खोचलेली उदबत्ती बघितली. त्या फटीतून आतली गरम हवा बाहेर पडते. तिथं राख गेली तर यंत्र बंद पडेल, आणि मग तू म्हणशील, भुजंगाचं काम असंच.

ते काय करतं हे पुन्हा सांगतो, कारण मागच्या वेळी तू मध्येच शेळीला हाकलायला उठलीस. मातीत दोन दांडे रोवलेत, एक वरच्या बागेत, एक खालच्या. माती वाळली की दांडा यंत्राला कळवतो. वीज असेल तर यंत्र मोटार चालू करतं, त्या बागेचा व्हॉल्व्ह उघडतं आणि माती पुरेशी ओली झाली की सगळं बंद करतं. तुझ्या गुडघ्यांना वेळी-अवेळी विहिरीची वाट नको, एवढाच हेतू. हे मी बाजारातून आणलेलं नाही. आतली एकेक वायर माझ्या हातची आहे, आणि कधी काय करायचं हे त्याला शिकवलंय तेही मीच. दहावीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही हे तू चार लोकांत सांगतेस. पॉलिटेक्निक केलेली पोरं मोटार बांधून घ्यायला माझ्याच दुकानात येतात, हेही कधी सांगत जा.

लोकांच्या डोक्याचं काय करावं समजत नाही. काल एक गिऱ्हाईक माझ्याशी भांडलं, की झिरोच्या बल्बला वीज लागत नाही, म्हणून तर त्याला झिरो म्हणतात. अरे बाबा, वीज लागत नाही तर उजेड काय सासऱ्याकडून आणतो? जुना झिरोचा बल्ब पंधरा वॅट खातो. सांगितलं तर म्हणे, "तुम्ही दुकानवाले काहीही सांगता." घरात वेगळं नाही. टीव्हीचा रिमोट चालेना की आमची कौसल्या तो टेबलावर आपटते. आपटल्यावर चालतो, कारण आतला सेल जरा सरकतो आणि टोकावरचा गंज खरवडला जातो. पण त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, मार म्हणतात.

तर यंत्रावर पुन्हा काही वाहू नये. उत्तर आलं नाही तर मान्य आहे असं समजतो.

भुजंग


तीर्थपुरी
२५ नोव्हेंबर

भुजंगा, आशीर्वाद.

पोस्टमन पाकीट देताना म्हणे, "मावशी, अंबडहून आलंय, कोर्टाचं हाय का?" म्हटलं, न्हाई बाबा, भावाचं हाय, पण तारीख पडल्यासारखंच समज.

उत्तर न्हाई आलं तर मान्य समजतो म्हणं! लहानपणापासून तुझं हेच. "अक्का, तुझ्या ताटातला लाडू घेऊ का?" असं विचारायचा, अन् मी तोंडातला घास गिळून बोलेपर्यंत लाडू खाऊन मोकळा. आईनं रागावलं तर वर म्हणायचा, "मी विचारलं व्हतं, ती न्हाई म्हणली न्हाई." म्हणून लिहून राह्यले, न्हाईतर कापूस वेचणीच्या दिवसात मला कुठं सवड.

डब्याची पूजा केली ती ओवाळणीत आला म्हणून. आता लांबूनच हात जोडते. अन् कौसल्याला काही बोलू नको. रिमोट आपटल्यावर चालतो ना? मंग आपटंल न्हाई तर काय त्याची आरती करंल?

आता कामाचं ऐक. येत्या आठवड्यात बागेचं पाणी तोडायचं हाय, आंबे बहाराचा, म्हंजे आंब्याच्या मोहराबरोबर येणाऱ्या फुलाचा, ताण द्यायचाय. तू दुकानात बसणारा माणूस, म्हणून इस्कटून सांगते. मोसंबीला दीड-दोन महिने पाणी तोडायचं. झाड सुकतं, पानं गाळतं, बघवत न्हाई, पण बघायचं. संक्रांतीच्या पुढं-मागं पहिलं पाणी दिलं की त्या पाण्यासरशी सगळं झाड फुलावर येतं. मधीच पाणी बसलं तर झाडाला वाटतं झालं आपलं, अन् ते नुसती पालवी फोडतं. फूल जातं. तुझ्या डब्याला माती वाळली एवढंच दिसतं. ती मी मुद्दाम वाळवलीय हे त्याला कोण सांगणार? वरच्या बागेची काळजी न्हाई, तिकडची वायर उंदरानं खाल्ली, डबा त्या बाजूनं आंधळा झालाय. खालच्या बागेचं सांग. कोणतं बटन दाबलं की हा संक्रांतीपर्यंत गप बसतो?

ह्या वर्षी चूक परवडणार न्हाई. अंगद पुण्याहून सारखं म्हणून राह्यला, आई, झाडं काढ, जमीन सोलरवाल्यांना भाड्यानं दे, प्लेटा बसतील, तुझे गुडघे वाचतील. पोराचं खोटं न्हाई. शेवटी आमचं ठरलंय: हा आंबे बहार धरला तर बाग ठेवायची, गेला तर फेब्रुवारीत झाडं काढायची. तुझ्या दाजींच्या मागं ही बाग मी एकटीनं धरून ठेवलीय. ती डब्यापायी जाऊ नये.

बटन सांग. लांबड लावू नको.

अक्का


अंबड
२९ नोव्हेंबर

अक्का,

लांबड लावणार नाही, पण अर्धवट सांगून चालत नाही.

गप बसवायचं बटन नाही. मेन स्विच आहे, पण त्याला हात लावू नकोस. त्याच मोटारीवर तुझा गहू आहे आणि घरचं पाणी आहे. आपल्याकडची लाईन कधी तीनाऐवजी दोनच फेजवर येईल सांगता येत नाही, आणि तशा वेळी मोटार जळण्यापासून हेच यंत्र वाचवतं. ते बंद करून ठेवलंस आणि मोटार जळली, तर बांधायला माझ्याकडेच आणशील आणि वर मलाच बोलशील.

दुसरा मार्ग काढला आहे. त्यात सिमकार्ड असल्यामुळे मी इथं दुकानात बसून बदल करू शकलो. आता खालच्या बागेची माती वाळली तरी यंत्र आपणहून पाणी सोडणार नाही. आधी मेसेज करून विचारेल. परवानगी मिळाली तरच सोडेल. तुला विचारणार नाही, कारण तू मेसेज उघडतच नाहीस. तुझ्या फोनवर न वाचलेल्या मेसेजांचा ढीग मी स्वतः बघितला आहे, त्यात माझेही होते. कोणाला विचारायचं त्याची व्यवस्था केली आहे. तू निर्धास्त राहा.

उंदराबद्दल. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. हे मला ठाऊक होतं. तरी वायरीवर पाइप घालायला मी विसरलो नव्हतो, तूच म्हणालीस, "एवढं कशाला, मातीत दाबून टाक." ताण संपला की येऊन नवी वायर टाकतो.

तुझ्या शेजारचे साहेबराव परवा दुकानात आले होते. त्यांचा फोन म्हणत होता, उद्या चाळीस टक्के पाऊस. मला विचारतात, म्हणजे शेताच्या चाळीस टक्के भागावर का? मी सांगितलं, अशा दहा दिवसांपैकी चार दिवस पडतो. तर म्हणे, "ते दहा दिवसांचं राहू द्या, उद्याचं बोला." यावरून माझी दिवसभर चिडचिड झाली. आणखी एक जण फोनलाच विचारून आला होता, लिंबाची पानं पिवळी का पडली. फोननं बाईच्या आवाजात फार आदबीनं सांगितलं, पाणी वाढवा. त्यानं वाढवलं. मुळं कुजली. आता त्याला फोनचा राग नाही, रोपवाल्याचा आहे. यंत्र चुकत नाही अक्का, त्याला शिकवणारा चुकतो. म्हणून माझ्या यंत्राला मीच शिकवतो.

उत्तर आलं नाही तर हे तुला पटलं असं समजतो.

भुजंग


तीर्थपुरी
२६ डिसेंबर

भुजंगा,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं न्हाई ही माझी चूक. कापूस व्हता, अन् वाटलं, एकदा तरी ह्याच्यावर भरोसा टाकून बघावा.

वाटूरला नणंदेकडं बारशाला गेल्ते. नातवाचं कवतिक, चार दिवस राह्यले. काल आले अन् खालच्या बागेत गेले तर चप्पल रुतून बसली. चिखल, भुजंगा. ताणावरच्या बागेत चिखल! झाडांनी माना टाकल्या व्हत्या त्या वर केल्यात. लांबून बघणाऱ्याला वाटंल, काय तरतरीत बाग हाय. शेंड्याला हात लावून बघितलं, पालवीचे डोळे फुगून राह्यलेत.

साहेबराव बांधावरून म्हणे, "वहिनी, ह्या साली ताण लवकर मोडला का?" काय सांगू त्यांना? माझ्या भावाच्या हुशारीनं मोडला म्हणू?

तुझा डबा विचारणार व्हता ना? कोणाला विचारलं त्यानं? मारुतीला? मी घरी नसताना, मी न सांगता, माझ्या बागेत पाणी सोडायची परवानगी देणारा कोण हाय ते मला कळू दे. ओवाळणी परत करायची नसते, न्हाईतर आजच्या एसटीत खिडकीपाशी बसवून अंबडला पाठवला असता.

वरची बाग वाचली. उंदराची कृपा. भाऊबीजेला त्याला ओवाळायला पाहिजे व्हतं.

अक्का


अंबड
३० डिसेंबर

अक्का,

परवा मी आलो तेव्हा तू चहा विचारला नाहीस. ओट्यावर पाठ करून शेंगा फोडत बसलीस. ठीक आहे. मी माझं काम करून निघालो.

यंत्र उघडून प्रत्येक जोड तपासला. दांडा बराबर आहे, व्हॉल्व्ह बराबर आहे, कुठंही शॉर्ट नाही. मग यंत्राच्या आठवणीत काय आहे ते काढून बघितलं. त्या दिवशी दुपारी खालची माती मर्यादेखाली वाळली. यंत्रानं लगेच पाणी सोडलं का? नाही. त्यानं विचारलं. त्याच्या पुढं स्वच्छ अक्षरात आहे: परवानगी. त्याच्या पुढं: पाणी सुरू. म्हणजे यंत्रानं त्याला सांगितलं तेवढंच केलं, एक पाऊल कमी नाही की जास्त नाही. तू माणसांसमोर माझ्या कामाला नावं ठेवलीस, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आता तुझा प्रश्न, की विचारलं कोणाला. अंगदला. त्याचा नंबर मी टाकला होता. तो शिकलेला आहे, फोन दिवसभर त्याच्या हातात असतो, आणि बाग उद्या त्याचीच आहे. त्याला मी फोन करून सांगितलंही होतं, की मेसेज आला तर बघ. तुला आधी कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, पोराच्या डोक्याला ताप नको.

तेव्हा यंत्राचा दोष नाही. परवानगी कशी दिली गेली हे अंगदला विचार.

एक खरं, मला स्वतःला फार त्रास होतो आहे. दुकानात कामात लक्ष नाही. कोणीतरी मिक्सर दुरुस्तीला टाकून गेलं, त्याच्या भांड्याखालचं रबर झिजलंय एवढंच होतं, आणि मी सगळी मोटार खोलून बसलो. कौसल्या म्हणाली, "तुम्हाला झालंय काय?" म्हटलं, काही नाही, लोकांना यंत्रं नीट वापरता येत नाहीत.

खालच्या बागेला आता पुन्हा पाणी तोडून ठेव. मी यंत्रातून ती बाजूच काढून टाकली आहे.

भुजंग


तीर्थपुरी
४ जानेवारी २०२५

भुजंगा,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

त्याला झाडं काढायचीच व्हती. मी कबूल केल्तं, बहार गेला तर काढू. त्यानं वाट बघायची तेवढी बघितली न्हाई. एक बोट दाबलं अन् काम केलं. पुण्यात बसून, पंख्याखाली.

मी त्याला काही विचारलं न्हाई. काय विचारू? त्याचा फोन येतो, मी उचलत न्हाई. संक्रांतीला येतो म्हणून निरोप धाडला व्हता, साहेबरावांच्या हाती सांगून पाठवलं, येऊ नको.

तू म्हणतो डब्याचा दोष न्हाई. बरं झालं. तुझं नाव राह्यलं.

पत्राला उत्तर पाठवू नको.

अक्का


पुणे
१२ जानेवारी

मामा, नमस्कार.

हाताने पत्र शाळेनंतर आज पहिल्यांदा लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या. तुम्हाला फोन केला असता, पण तुम्ही फोनवर बोललात तर मला मध्ये बोलू देणार नाही, आणि मला पूर्ण सांगायचं आहे.

आई दहा दिवस माझा फोन उचलत नाही. साहेबराव काकांनी कसंबसं सांगितलं, की आईच्या मते खालच्या बागेचा ताण मी मोडला. मुद्दाम.

मामा, तुमच्या यंत्राचा मेसेज मला त्या दिवशी तीन वेळा आला. "खालची बाग कोरडी. पाणी सोडू का? हो असेल तर १, नाही असेल तर २." मी तो मीटिंगमध्ये वाचला आणि हसलो. डिसेंबरात बाग कोरडी नसेल तर कधी असेल? लहानपणी ताणात आम्ही पोरं बागेत लघवीला गेलो तरी आई काठी घेऊन मागं धावायची, "माझं झाड ओलं करता का!" म्हणून. मला ताण माहीत नसेल असं तिला वाटलं तरी कसं?

मी १ दाबला नाही. २ पण दाबला नाही. डब्याला काय उत्तर द्यायचं, तो विचारून विचारून गप बसेल असं वाटलं. पाण्याचं ठरवणारी आई आहे, मी पुण्यातून त्यात बोट घालायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. माझ्या फोनमध्ये ते तीनही मेसेज तसेच पडलेत, खाली उत्तर काहीच नाही.

सोलरचं मी बोललो होतो आणि अजून बोलतो. मागच्या उन्हाळ्यात ती विहिरीच्या पायरीवर बसून होती, उठता येईना म्हणून, आणि मला फोनवर म्हणाली "वारा खात बसलेय." ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. म्हणून बोललो. पण बाग हरवून मला ती पैज जिंकायची नव्हती.

मी काही दाबलं नाही, मग परवानगी कोणी दिली? हे फक्त तुम्हालाच माहीत असेल. कृपा करून मला नको, आईला सांगा.

अंगद


अंबड
१५ जानेवारी

अक्का,

तू पत्र पाठवू नको म्हणालीस. तरी पाठवतो आहे. याआधी मी तुझं ऐकत होतो असं नाही.

अंगदचं पत्र आलं. ते सोबत ठेवलं आहे, आधी ते वाच. माझं नंतर वाचलंस तरी चालेल.

वाचलंस? आता सांगतो.

यंत्राला विचारायला शिकवलं तेव्हा माझ्यासमोर अडचण आली, की समोरच्यानं उत्तरच दिलं नाही तर? माणसं उत्तर देत नाहीत, हा माझा दुकानातला रोजचा अनुभव. गिऱ्हाईकाला विचारावं, "बेअरिंग बदलू का?", तर तो वर पंख्याकडे बघतो. नाही म्हणत नाही. मी बदलतो. म्हणून यंत्राला शिकवलं: एकदा विचार, दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदा विचार, आणि उत्तर आलं नाही तर हो समज. हो समजल्यावर काय लिहायचं, तर परवानगी. कोणी खरोखर १ दाबला तरी परवानगी आणि कोणी काहीच दाबलं नाही तरी परवानगी. दोन्हींना एकच शब्द. त्या वेळी मला ही फार हुशारी वाटली होती. कौसल्येला बोलावून दाखवलं होतं.

अंगदनं काही दाबलेलं नाही. त्याला ताण आठवत होता म्हणूनच त्यानं काही दाबलं नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ "आईचं आई बघेल" असा होता, आणि माझ्या यंत्रानं तो "सोड पाणी" असा लावला.

आणि आता जे लिहितो ते लिहायला मला सकाळपासून तीन कागद लागले. मागचं पत्र लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. यंत्र मी बांधलंय, त्याचं काय होऊ शकतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत? पण समोर परवानगी हा शब्द होता, आणि त्यानं माझं काम बिनचूक ठरत होतं. अंगदला एक फोन करून विचारलं असतं तर झालं असतं. मी विचारलं नाही. यंत्र वाचवलं, आणि त्याच्या बदल्यात तुझं पोर खोटं पडतंय हे मी बघितलं नाही. बघायचं टाळलं, असं लिहितो, म्हणजे बराबर होईल.

तेव्हा यंत्र चुकलं. म्हणजे शिकवणारा चुकला. मागं मीच लिहिलं होतं ते वाक्य, तू आता माझ्या तोंडावर मारू शकतेस.

राग अजून आहे. कोणावर आहे ते समजत नाही. दुकानात आज एकानं विचारलं, पंखा हळू ठेवला तर बिल कमी येतं का. त्याला एवढंच विचारायला हवं होतं, की रेग्युलेटर जुना मोठा खोक्याचा आहे की नवा. नव्यात वीज वाचते, जुन्यात ती नुसती तापून जाते. मी म्हणालो, "मला माहीत नाही." माझ्या तोंडून हे वाक्य या दुकानात पहिल्यांदा निघालं. तो घाबरून निघून गेला.

अंगदला फोन कर. उत्तर आलं नाही तर मी

वरचं वाक्य खोडत नाही, तसंच ठेवतो. पुढं काय लिहायचं ते मला आलं नाही.

भुजंग


तीर्थपुरी
२५ फेब्रुवारी

भुजंगा, आशीर्वाद.

महिना उलटला, तुझं पत्र न्हाई की फोन न्हाई. कौसल्या म्हणे, ते वाट बघून राह्यलेत, पण विचारायची हिंमत न्हाई. बरं वाटलं. एवढी वाट तू जन्मात कोणाची बघितली नसशील.

अंगदला फोन मी केला न्हाई. माझ्यानं झालं न्हाई. तुझं पत्र अन् त्याचं पत्र उशाखाली ठेवून दोन दिवस नुसती हिंडत राह्यले. तिसऱ्या दिवशी साहेबरावांनीच त्यांच्या फोनवरून लावून दिला, तवा त्याला बोलले. म्हटलं, "तीळगूळ राह्यलाय तुझा." तो म्हणे, "ठेव, येतो." एवढंच झालं. तुला त्यात काय माफी, काय खुलासा पाहिजे असंल तर न्हाई सापडायचा.

सव्वीस जानेवारीला धरून रजा काढून आला. आल्याबरोबर कुदळ घेतली अन् खालच्या बागेत झाडाझाडाखालची माती हलवत बसला, वारं लागून लवकर वाळावी म्हणून. हाताला फोड आले. हळद लावू म्हटलं तर म्हणे, "नको, मामा रागावतील." किती दिवसांनी हसले मी.

आता बहाराचं. वरच्या बागेला संक्रांतीनंतर पाणी दिलं. फूल असं आलंय, की पान शोधावं लागतं. घरात बसलं तरी वास येतो. खालच्या बागेचा ताण आम्ही परत धरला, पाणी फेब्रुवारीत दिलं. काही झाडांवर कळी दिसून राह्यली, काहींवर नुसती पालवी. निम्मं गेलं म्हण. ते काही परत येत न्हाई, अन् मी तुला बरं वाटावं म्हणून न्हाई गेलं असं लिहिणार न्हाई.

डबा ठेवलाय. मोटारीला लागतो. पण येऊन त्याला नव्यानं शिकव: विचारायचं मला. मोठ्यानं वाजव, म्हणजे मला कळंल, मी मेसेज उघडते आता. अन् उत्तर न्हाई आलं तर गप बसायचं. परत विचारायचं असंल तर दुसऱ्या दिवशी विचारायचं. त्याला शिकवता-शिकवता तूही शिकून घे. वरच्या बागेची वायर टाकू नको. उंदीर अजून तिथंच राहतो, त्याचं अन् माझं जमतं.

सोलरवाल्यांचा माणूस अंगदला सारखा फोन करून राह्यला व्हता, हो की न्हाई ते सांगा म्हणून. परवा अंगद परत आल्ता. दुपारी ओट्यावर बसलो, वरच्या बागेकडून वास येऊन राह्यला व्हता. त्यानं विचारलं, "आई, त्यांना काय सांगू?"

मी काही बोलले न्हाई. हो म्हणावं तर समोर फूल व्हतं, न्हाई म्हणावं तर निम्मी बाग रिकामी, अन् गुडघा ठणकून राह्यला व्हता.

त्यानं परत विचारलं न्हाई. फोन वाजला तो त्यानं उलटा करून ठेवला. चहा पिला, कुदळ उचलली अन् खालच्या बागेत गेला.

अक्का